विहीणबाईंचा शालू

नरडाणा, सोमवार, मार्च १९८९

आज नातवाचं उष्टावण झालं. खीर काय गोड चाटली त्यानं! मग विहीणबाईंनी मांडीवर घेतलं, तर त्यांच्या नव्या शालूवर बठ्ठी, सगळीच्या सगळी खीर ओकला. त्या रागावल्या नाहीत, उलट प्रत्येकीला शालू दाखवत फिरल्या. मला म्हणतात, "अक्का, आता जळगावला ड्रायक्लीनला टाकावा लागेल. काय करू, पोरगं मला सोडतच नाही."

मी का जळावं? पण जळले. माझं सुती लुगडं धुतलं की झालं, त्याचं कौतुक कोण करणार? तो शालू डोळ्यापुढून जाईना.

संध्याकाळी पेटीतलं रेशमी लुगडं नेसले. बाळाचं दूध पिऊन झाल्यावर मांडीवर घेतलं, लंगोटही काढला. म्हटलं, कर बाबा, मलाही जळगाव दाखव.

लबाड पदर मुठीत धरून झोपला. लुगडं कोरडं ते कोरडंच.