रुईचा डावा पाय

१२ जानेवारी, सोम.
सकाळी सिनेमाचा ट्रेलर सुटला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिव्या सुरू.

आमचं 'बोरीबन'. लहानपणी रविवारी सकाळी अख्खा मोहल्ला टीव्हीपुढे बसायचा, ते कार्टून. गबाळ्या अस्वल, काटेमास्तर साळिंदर आणि रुई. डावा पाय ओढत चालणारी ससुली. मुंबईच्या एका कंपनीनं आता त्यांचे सुपरहीरो केलेत. गबाळ्याला लोखंडी चिलखत. मास्तरांच्या काट्यांतून आग. रुईला यंत्राचा पाय. ती पळते, उडतेसुद्धा. तिचं सगळं ॲनिमेशन माझं. इथं शहराबाहेर वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामावरच्या मजल्यावर बसून केलेलं. खालून ट्रक गेला की टेबल हलतं.

लोक लिहून राहिले. बालपण मारलं आमचं. रुईचे डोळे लाल काहून? ही ससुली आहे की भूत?

पराग हसत होता. स्टुडिओ त्याचा. "शिव्या देऊन राहिले म्हणजे पाहून राहिले ना लोक. टेन्शन नको घेऊ, वैशाली."

शिव्यांचं नाही टेन्शन. सरांनी पाहिलं असेल का...

१३ जाने., मंगळ.
सरांचा फोन नाही. मीही केला नाही.

जुनी रुई मेश्राम सरांनी काढलेली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, इंदोरा वस्तीत त्यांच्या समोरच्याच घरात. चित्र काढायला त्यांनीच शिकवलं. आणि रुई म्हणजे नंदा. सरांची एकुलती एक, माझी मैत्रीण. पोलिओचा पाय. सर ओसरीत कागद घेऊन बसायचे. म्हणायचे, जा बरं नळापर्यंत. ती जायची. ठप्प, सर्र. ठप्प, सर्र. मी सोबत चालायची, पण सर फक्त तिचे पाय बघायचे.

मालिका अर्ध्यावर असताना नंदा गेली. कावीळ. रुई मात्र दर रविवारी चालत राहिली. काकू, नंदाची आई, टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ बसायच्या, पदर तोंडात धरून. आणि सर पुढचे भाग काढत राहिले. कुठल्या हातानं काढले असतील?

ऑफिसात हे कुणालाच माहीत नाही. त्यांच्यासाठी रुई एक ससुली.

काम आलं तेव्हा सरांना विचारायला गेले होते. म्हणाले, "हक्क माह्यापाशी कवाच नव्हते. तुले अडवू कशाले? कर." पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

१६ जाने., शुक्र.
दुपारी सगळे जेवायला खाली. मी एकटी वर.
जिन्यात ठप्प, सर्र.
उठून पाहिलं. गोदामातला हमाल पोतं ओढत होता.
सर्र पोत्याचं. ठप्प कशाचं?

हे सगळं त्या पळण्याच्या शॉटपासून सुरू झालंय. दिवाळीआधीची गोष्ट. रुई पहिल्यांदा पळते तो शॉट काही केल्या जमत नव्हता. कुठल्याही सशाचं पळणं दिसायचं. एका दुपारी कंटाळून कॉम्प्युटरवरचा रुईचा तयार सांगाडा बाजूला ठेवला आणि हातानं काढायला बसले. चहा आला तोपर्यंत झालेलं होतं. उजवी मूठ घट्ट, डावा पंजा उघडा, आणि भर पळताना ती मान वळवून मागं बघते. पराग म्हणाला, वा, मागं बघणं कुठून सुचलं?

सुचल्याचं आठवत नाही. काढल्याचंही धड आठवत नाही.

त्याच रात्रीपासून आई विचारते, कोण चालते गं वर? आमच्या वर गच्ची आहे.

१८ जाने., रवि.
इंदोऱ्याला गेले. न जाऊन चालणार नव्हतं.

सर थकलेत. स्वेटर, कानटोपी, बुद्धाच्या फोटोखाली नेहमीची खुर्ची. जयभीम केला. म्हणाले, "लाव. सगळ्यायनं पाहिलं, मीच राहिलो."

फोन हातात दिला. गबाळ्याचं चिलखत पाहून चक्क हसले. मास्तरांच्या आगीला, "बापा!" मग रुई पळाली.

सर उभे राहिले. "बंद कर."

मी बंद केलं.

"हे कोणं दाखवलं तुले?"

"कोणीच नाही, सर. मीच काढलं."

"खोटं नको बोलू माह्यासंगं. हे कोणं दाखवलं?"

त्यांचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. आत गेले. कडी लावली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्यांनीही पाहिलं होतं, माझ्या खांद्यावरून. चहाचा कप माझ्या हातात दिला, आणि त्यांची बोटं माझ्या बोटांवरून निघेचनात.

२० जाने., मंगळ.
गेटवर माणसं. जुन्या रुईची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून आणलेली. घोषणा. पराग म्हणाला, खिडकीत जाऊ नका.

मग जिन्यात तोच आवाज. या वेळी जवळ येणारा. ठप्प, सर्र. ठप्प, सर्र.

दारात एक बाई. पायाला कॅलिपर, लोखंडी पट्ट्यांचा आधार. माझ्याच वयाची. काटोलहून बसनं आलेली, तिथं शाळेत शिकवते. नाव छाया. "खालच्या लोकायसंगं नाही आली मी," म्हणाली. "मले फक्त रुई कोण काढते ते पाहाचं होतं."

मी म्हटलं, मी.

पाणी प्यायली. बसली. "शाळेत पोरं मले रुई म्हणत. चिडवाले म्हणत. पण रविवारी टीव्हीत रुईच सगळ्यायले वाचवे ना! मंग सोमवारी मी मान वर करून शाळेत जावो." ग्लास खाली ठेवून, "तुम्ही तिचा पाय दुरुस्त केला. म्हंजे पहिले रुई बिघडेल होती का, मॅडम?"

रागानं नाही विचारलं.

जाताना जिना उतरत होती, मी वर उभी. डोळे मिटले असते तर खाली नंदा होती.

२२ जाने., गुरु.
मुंबईहून निरोप : सरांचा व्हिडिओ पाहिजे. जुन्या चित्रकाराचे आशीर्वाद. पराग म्हणे, "तुझे ओळखीचे आहेत ना? दोन वाक्यं बोलले तरी खूप. सगळ्यांची नोकरी आहे गं."

मी नाही म्हटलं. त्यानं जोर नाही केला. त्याचंही तोंड उतरलेलं.

पण दुसऱ्या बाजूचे लोक सरांच्या घरी आधीच पोचले. हार घेऊन, माइक घेऊन. सर, निषेध करा. सर, तुमच्या रुईचा अपमान झाला. सरांनी दार उघडलं, त्यांच्याकडे बघितलं आणि तिथंच खाली बसले. बसले ते उठले नाहीत.

काकूंचा फोन आला तेव्हा मी स्कूटी काढत होते. बीपी. धंतोलीला दवाखान्यात नेलंय.

२३ जाने., शुक्र.
धंतोली. धोका टळला म्हणतात. सर झोपलेले, हाताला सुई. बाहेर बाकावर काकू आणि मी. बाकीही गावोगावचे लोक, थर्मास, डबे, घोंगड्या.

मला वाटलं, आता काकू बोलतील. तुझ्यामुळं झालं म्हणतील.

म्हणाल्या, "वैशाली, ते दाखव ना वं. पळते ते."

दाखवलं. परत म्हणाल्या. परत दाखवलं. शेजारची बाई वाकून बघायला लागली तसा त्यांनी फोन पदराखाली घेतला.

मग एकदम शांतपणे, "नंदी पळे. तुले मालूम नसंन. ताप आला त्याच्या पहिले. लहानशी होती. अंगणातून निंघे ते नळापावतर. मी मागं. अन् पळता पळता मागं पाहे, माय पकडते का नाही म्हनून."

आम्ही इंदोऱ्यात राहायला आलो तेव्हा तिचा पाय गेलेलाच होता. मी तिला पळताना पाहिलेलं नाही. एकदाही नाही.

म्हटलं, "काकू, तिनंच कधी खेळता खेळता सांगितलं असेल मला."

"तिले कुठून आठवंन? ते तं लेकरू होती." आणि मग, "तिनं सांगितलं काय वं तुले?"

"केव्हा, काकू?"

"आता."

त्यांनी परत फोन मागितला.

२५ जाने., रवि.
आईच्या खोलीत झोपले. गच्चीचं दार लावून घेतलं, वर कुलूप.
आई म्हणते, काल पळून राहिलं होतं कोणीतरी. चालत नव्हतं. पळत होतं.
आईला कानांनी कमी ऐकू येतं. मला शॉटचं काही तिला सांगितल्याचं आठवत नाही.

२ फेब्रुवारी, सोम.
सर घरी आले. माझ्याशी बोलत नाहीत. काकू सांगतात, दिवसभर कागद घेऊन बसतात. काढतात, चुरगळतात. काय काढतात दाखवत नाहीत. काकूंनी एक बोळा उघडून पाहिला. नुसते पाय होते, म्हणाल्या. "पन पळत नव्हते ते. पडून राहिल्यासारखे होते."

३ फेब्रु., मंगळ.
मुंबईचा निर्णय आला. लोकांचा राग फार झाला, कंपनी घाबरली. डोळ्यांचा लाल रंग काढायचा. यंत्राचा पाय काढायचा. रुई परत लंगडणार. पळण्याचा शॉट पूर्ण बाद, त्या जागी जुनी चाल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे. नाही दिलं तर काम दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओला जाईल आणि आमचा मजला रिकामा.

पराग : "चला, सुटलो. लोकांना पाहिजे तेच देऊ."

छायाबाईंना फोन केला, त्यांना आधी कळावं म्हणून. रडल्या. आनंदानं. "आता पोरायले दाखवीन वर्गात," म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. खरंच वाटलं.

४ फेब्रु., बुध.
लंगडी चाल काढायला काहीच वेळ लागला नाही. हाताला पाठ आहे. नंदासोबत नळापर्यंत किती वेळा चालले असेन. ठप्प, सर्र. छान जमलीय. जुन्यापेक्षाही जिवंत म्हणे पराग.

संध्याकाळी काकूंना फोनवर सांगितलं.

"परत लंगडी करता काय वं तिले?"

म्हटलं, काकू, काटोलच्या बाई आहेत एक, त्यांना... समजावायला गेले. छायाबाईंचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्या बाईचं खरं आहे," म्हणाल्या. "तिची रुई तिले द्या. माही पोरगी काहून घेता?"

जेवले नाही. दोघीही खऱ्या. आणि हात माझा एकच.

५ फेब्रु., गुरु.
पळण्याचा शॉट पुसायला सकाळपासून बसले. पुसला नाही. पराग दोनदा येऊन मागं उभा राहून गेला.
आज जिन्यात आवाज नाही. गच्चीवरही नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, कोण? कुठं?
आवाज येत होता तेव्हा भीती वाटायची. आज जास्त वाटतेय.

६ फेब्रु., शुक्र.
ऑफिसातच लिहून राहिले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून. माझी खुर्ची सरांकडे आहे.

दुपारी खाली ऑटो थांबला. काकूंचा हात धरून सर. एवढे जिने, एक-एक पायरी, मध्ये थांबत. पराग धावला. सरांनी त्याला हातानंच थांबवलं. वर आले, दम खाल्ला. माझ्याकडे बघितलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

"कोणं दाखवलं, हे नाही विचारत आता," म्हणाले. "मले दाखव. पहिलेपासून. सावकाश."

खुर्चीत बसवलं. एक-एक चित्र पुढं सरकवत गेले. ऑफिसात सगळे उभे, कुणी हलत नव्हतं. काकू खुर्चीची पाठ धरून. ती मान वळवून मागं बघते तिथं सरांनी हात वर केला. मी थांबले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, गालावर. काढेचनात.

"मले हे तुह्या फोनात पाहेपावतर आठवतच नव्हतं," म्हणाले. "तिचं चालणं एवढं काढलं, एवढं काढलं, का पळणं पुसूनच गेलं. दवाखान्यातून आलो तवापासून शोधून राहिलो. हातात येतच नाही."

काकू म्हणाल्या, "आता पाहा ना मंग."

त्यांनी पुढचं चित्र मागितलं. मग त्याच्या पुढचं. मग मागं. मग एकदम, "थांब. इथं चुकलं तुह्यं. टाच इतक्या लौकर नाही उचले ते. पाय आतल्या अंगानं पडे. मंग टाच."

माझ्या हातातला कॉम्प्युटरवर काढायचा पेन मागितला. असला पेन त्यांनी कधी धरलेला नाही. काचेच्या पाटीवर टेकवला आणि समोर पडद्यावर रेघ उमटली, तसे दचकले. मग हसले. रेघ थरथरतेय. मी म्हटलं, मी सरळ करून देते. म्हणाले, राहू दे.

तेव्हापासून काढून राहिलेत. पाय झाले. फ्रॉकचा घेर झाला. काकू मधूनच सांगतात, वेणी एकच होती, दोन नाही.

पलीकडच्या मशीनवर लंगडी रुई तयार आहे, पाठवायची तेवढी बाकी. मुंबईचा फोन वाजून वाजून थांबतो, परत वाजतो. पराग उचलत नाही. माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे.

मी सरांच्या कानाशी वाकून म्हटलं, सर, ही ससुली आहे. कान राहिले काढायचे.

मान वर न करता म्हणाले, "कान मंग लावजो. पहिले पोरीले पळू दे."