धाकट्याच्या रिळाचा खटका

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, आज पूर्ण शुद्धीवर आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, आणि त्यांनी दिले नसते तरी ती शाबूतच राहिली असती. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा कोणी फूस लावली म्हणून करत नाही. धाक घालायला आलेले लोक जन्मभर माझ्या सभांच्या कडेला उभे राहिले आणि भाषण संपेपर्यंत ऐकत राहिले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करण्याइतका वेळ मिळेल असे वाटत नाही.

माझ्या मागे दोन माणसे राहतात. एक माझी भावजय, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. दुसरी त्यांची मुलगी, माझी भाची. ती याच घरात वाढली आणि आता कमावती आहे. धाकटा गळ टाकायला पाण्यावर गेला, तो परत आला नाही. त्याचा देहही मिळाला नाही. कायद्याच्या लेखी तो मृत आहे. भावजयीच्या लेखी त्याला उशीर झाला आहे.

कलम १. घर. आतली खोली, बाहेरची खोली आणि पाण्याकडची ओसरी असे हे राहते घर मी भाचीच्या नावे करते. भावजयीला हयातभर इथे राहण्याचा हक्क राहील, पण तिची खाट आतल्या खोलीतच मांडली जाईल. ओसरीवर ती खाट कोणीही, कोणत्याही सबबीखाली ठेवू नये. वकिलांना ही अट चमत्कारिक वाटली. त्यांनी कलम ५ वाचावे.

कलम २. बँकेतील शिल्लक भाचीला. चुलतभावाला काहीही नाही, आणि त्याचे कारण त्याला कळावे म्हणून लिहिते. धाकटा गेल्यावर हा चुलतभाऊ मेलेल्यांशी बोलणे करवून देणारा एक गृहस्थ घरी घेऊन आला. गृहस्थाने डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाला, "तो म्हणतोय, मला फार थंडी वाजते." भावजय पांघरूण आणायला उठली. तिचे ते उठणे मी अजून विसरलेले नाही.

मी विचारले, "तो कोणत्या हाताने लिहायचा, तेवढं विचारा जरा."

"उजव्या," गृहस्थ म्हणाला.

"तो डावखुरा होता. चहा झाला असेल तर उठा."

चुलतभाऊ म्हणाला, "तुझ्या या जिभेपायी घरात कोणी टिकत नाही." त्या दिवसापासून तो आमच्या दारात आलेला नाही, आणि माझी जीभ मला तेव्हाइतकी कधीच आवडली नाही.

कलम ३. पुस्तके सगळी शेजारच्या शिंप्याला. तो खूण म्हणून पानांत दोऱ्याचे तुकडे ठेवतो आणि माझ्याशी भांडण्यासाठीच वाचतो. पुस्तकाला याहून चांगला धनी मिळत नाही.

कलम ४. गळाची रिळे दुरुस्त करण्याची हत्यारे. भाषणांनी टाळ्या मिळतात, त्यावर चूल पेटत नाही. आमची चूल धाकट्याच्या टेबलाने पेटवली. गळ टाकणारे लोक हंगाम संपला की आपापली रिळे घरी आणून देत. आम्ही भाऊबहीण ती खोलून, धुऊन, तेलपाणी करून परत करत असू. ती सर्व हत्यारे मी भाचीला देते. काही मोडतील, काही हरवतील, नवी घ्यावी लागतील. तेव्हा दुकानदाराच्या नादी न लागता पुढीलप्रमाणे घ्यावीत.

पेचकस घेताना टोकाकडे निमुळता होत जाणारा घेऊ नकोस. पाते सरळ हवे आणि ते स्क्रूच्या खाचेत काठोकाठ बसायला हवे. ढिले बसले की खाच सोलवटते, आणि मग आपला आळस त्या रिळाच्या अंगावर कायमचा दिसत राहतो. नटासाठी नेमक्या मापाचा पाना घे. पक्कड लावशील तर हत्यारांवरचा तुझा हक्क गेला असे समज. रंगीत डब्यात "सगळ्या कामांना एकच" असा संच मिळतो, तो उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. सगळ्या कामांना एकच हत्यार आणि सगळ्या प्रश्नांना एकच पुढारी, दोघांनी केलेली नासधूस मी निस्तरली आहे. चिमटा चुंबक न धरणारा घे, नाहीतर बारीक स्प्रिंग त्याला चिकटते आणि सोडवताना खोलीभर शोधत बसावे लागते. भिंग चांगल्यातले घे, पैशाकडे पाहू नकोस. बाकी दातांचा जुना ब्रश आणि तंतू न सोडणारे सुती कापड घरात असतेच. सुटे भाग काढलेल्या क्रमाने कापडावर डावीकडून उजवीकडे मांडत जा. तुझे बाबा उजवीकडून डावीकडे मांडायचे. त्यांच्या कानशीचे ओरखडेही आपल्यापेक्षा उलट्या अंगाला झुकत.

दातेरी चाकाला ग्रीस, बेअरिंगला पातळ तेल, आणि खटक्याला ग्रीस कधीही नाही. खटका म्हणजे चाकाच्या दातात अडकणारा तो नखाएवढा तुकडा. तो रिळाला उलटे फिरू देत नाही, त्यामुळे ओढून घेतलेले परत सुटत नाही. ग्रीस लागले की तो दातात बसत नाही आणि सगळे मागे निसटते. नवशिके ही चूक हमखास करतात. धाकटा गिऱ्हाइकांना झापायचा, "अहो, रीळ आहे की ट्रकचं चाक? किती थापलंय!"

कलम ५. धाकट्याचे स्वतःचे रीळ. हेही भाचीला, पण खालील जबाबदारीसह. जबाबदारी नको असेल तर रीळही नाही आणि घरही नाही.

त्या दिवशी नाव रिकामी सापडली. गळाची काठी नावेच्या कडेला बांधलेली होती, रीळ काठीवर होते आणि त्यावरचा सगळा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, शेवटपर्यंत सुटलेला होता. ज्याला नाव सापडली त्या नावाड्याने तो ओढून घेतला. टोकाला गळ नव्हता, काहीच नव्हते. मी तो तंगूस काढून टाकला, मोकळे रीळ लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. ते पुन्हा पाण्यावर गेलेले नाही. न उघडलेले रीळ जाम होते म्हणून दर वर्षी मी ते खोलत आले.

पहिल्यांदा खोलले तेव्हा आत ओल होती. हवेचा परिणाम, असे मी म्हटले. पुढच्या वर्षी दाते पाहिले आणि भिंग खाली ठेवले. कपाटात पडून रीळ गंजते. ते झिजत नाही. झिजायला ओझे लागते. प्रत्येक दाताची एकच बाजू झिजून आरशासारखी चकचकीत झाली होती, आणि गुंडाळताना भार येतो तीच ती बाजू. तंगूस नसलेल्या रिळावर कोणीतरी जड काहीतरी ओढून घेत होते.

मी माणसांवर संशय घेतला, आधी स्वतःवरही. कपाटाचे कुलूप बदलले. प्रत्येक स्क्रूच्या खाचेत भाचीच्या नखांचे लाल पॉलिश भरले, म्हणजे पेचकस लागला तर ते फुटेल. ते फुटले नाही. झीज वाढली.

त्याच काळात भावजयीची खाट सरकू लागली. ती आतल्या खोलीच्या भिंतीला होती, ती खिडकीशी आली. मग बाहेरच्या खोलीत. मग ओसरीवर, आणि शेवटी ओसरीच्या कडेला, पाण्याच्या समोर. ती खाट हलवायला आम्हा दोघींनाही धाप लागते. फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे होते, दोरी ताणून आखावेत इतके सरळ. भावजयीचे खाणे सुटले होते. बोलताना ती माझ्याकडे बघत नसे.

"खाट कुणी आणली इथं?" मी विचारले.

"मीच आणली असेन, वन्सं. आणखी कोण आणणार?"

"असेन म्हणजे काय? तुला ठाऊक नाही?"

"आत जीव घुसमटतो हो. इथं बरं वाटतं. आता थोडंच राहिलंय."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. त्यांच्या नावाने चाललेली दुकाने मी भर चौकात बंद पाडली आहेत आणि तेव्हाचा एकही शब्द मागे घेत नाही. जे ठाऊक नाही त्याला ठाऊक नाही म्हणावे आणि जे दिसते ते नाकारू नये, एवढेच मी लोकांना सांगत आले. याचे कारण मला ठाऊक नाही. झीज मला दिसते.

म्हणून मी नवशिक्याची चूक जाणूनबुजून केली. खटक्यावर ग्रीस थापले आणि रीळ बंद केले. त्यानंतर खाट जागची हलली नाही. भावजय स्वयंपाकघरात येऊ लागली, दूध पातळ दिले म्हणून दूधवाल्याशी भांडली. ते भांडण ऐकताना मी दाराआड उभी राहून रडले. पण पुढे तिचे जेवण पुन्हा कमी झाले. रीळ खोलले तर खटका धुऊन, पुसून कोरडा केलेला होता. मग मी खटकाच काढून घेतला. भावजय आपण होऊन म्हणाली, "वन्सं, बाहेर काय गारठा आहे! ती खाट आत घ्यायची का आपण?"

यंदा माझे हात कापतात म्हणून रीळ भाचीने खोलले. दर वेळी बंद करताना मी नव्याने भरत आलेले लाल पॉलिश जसेच्या तसे होते. आत नवा खटका बसवलेला होता, पितळेचा, हाताने घासून केलेला. भाचीने भिंग लावले.

"आत्या, ही कानस कुणाची आहे?"

"तू सांग."

"ओरखडे उलटे झुकलेत. बाबांची." मग ती म्हणाली, "त्यांना आई हवीये."

"हवी असेल."

"एकटे असतील गं ते तिथं. मग... राहू दे का हा खटका?"

"तुझ्या आईला विचारलंय कुणी?"

तिने आईकडे पाहिले. आई ओसरीच्या पायरीवर बसली होती, पाण्याकडे तोंड करून, पाय खालच्या पायरीवर ठेवून. भाचीने चिमटा उचलला आणि खटका काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो गार होता आणि ओला होता.

तर जबाबदारी अशी. दर वर्षी हे रीळ खोलायचे, आणि भावजयीचे जेवण घटले किंवा खाट हलली तर वर्ष संपायची वाट न पाहता खोलायचे. आत जो खटका सापडेल तो काढून घ्यायचा. तो पितळेचा असेल, पोलादाचा असेल, कदाचित हाडाचा असेल. तेव्हा हात थरथरू द्यायचा नाही. हत्यारे नीट निवडण्याबद्दल वर इतके लिहिले ते यासाठी. ज्या दिवशी खाच सोलवटेल आणि स्क्रू निघणार नाही, त्या दिवशी तुझी आई जाईल.

रीळ वितळवून टाकावे असे भाचीचे म्हणणे आहे. ते मी अमान्य करते. जे उघडून पाहता येते ते अडवता येते. हे नष्ट केले, तर तो पुढे कशाने ओढतो आहे हे आपल्याला कळणारही नाही.

माझ्या भावावर माझे प्रेम होते आणि आहे. पण माणसाला त्याच्या मर्जीशिवाय ओढून नेणे याला मी आयुष्यभर अन्यायच म्हटले. ओढणारा मालक असो, नवरा असो, जिवंत असो वा मेलेला. तो आपला धाकटा आहे म्हणून मी त्या शब्दाला दुसरा अर्थ लावणार नाही. भावजयीला कधी स्वतःच्या पायांनी, लख्ख शुद्धीत, त्याच्याकडे जावेसे वाटले, तर तो तिचा प्रश्न. तोपर्यंत ती आमची आहे, आणि त्याआधी ती तिची स्वतःची आहे.

कलम ६. भाचीस शेवटचे. मी गेल्यावर तुला माझी आठवण येईल. ती येऊ दे. पण आठवणीशिवाय पाय माझ्याकडे वळू लागले, जेवण नको झाले, माझ्या खुर्चीपाशी बसल्यावर आता थोडेच राहिले आहे असे वाटू लागले, तर मला ओळखू नकोस. मी मोठी बोलकी बाई होते. मी तुला पटवून देईन. ऐकू नकोस. माझा चष्मा, माझी खुर्ची, माझ्या घड्याळाची चाके, ज्यावर झीज दिसेल ते उघड आणि त्यातला खटका काढून टाक. माझी गय करू नकोस, पोरी. मी धाकट्याची केली नाही.

हा मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली.

सही: (आत्या)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. मजकुराबद्दल माझे काही म्हणणे नाही.

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. मजकूर वाचला. पितळी खटका हातात घेऊन पाहिला. सही करतो.

स्थळ: राहते घर, आतली खोली.
दिनांक: आजचा, बुधवार, सकाळ.