टेस्टरचं वाण

५ जानेवारी, सोमवार

आज ओवीला भिंतीनं ढकललं! तिचेच शब्द. मोरीजवळच्या भिंतीला हात टेकून चप्पल घालत होती, एकदम किंचाळली. मी धावले, हात लावला, तर मलाही झटका. पाण्याचा पाइप त्या भिंतीतून वर टाकीत जातो आणि जुनी वायरही तिथूनच. पाण्याचा दिवस आला की पाइप गळतो, भिंत ओली होते आणि करंट उतरतो. चार वर्षांचं लेकरू! संध्याकाळभर तिचा तळवा गालाला लावून बसले. ती विचारते, "आई, भिंत रागावली का माझ्यावर?"

६ जानेवारी

खाली जाऊन संगप्पा मालकांना पुन्हा सांगितलं. ही तिसरी वेळ. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "चप्पल घालून फिरा की घरात." वा! उत्तर तयारच.

जगदेवीकाकू मागे उभ्या होत्या. नवऱ्यापुढे बोलत नाहीत, पण जाताना ओवीच्या मुठीत शेंगापोळी कोंबली. त्यांना मूलबाळ नाही. ओवी दिवसातून दहा वेळा खाली पळते, माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकते. भाड्याच्या खोलीत असं माणूस मिळतं का कुणाला? त्यांच्याकडे बघूनच इतके दिवस गप्प बसले. आता नाही.

८ जानेवारी

वीज कार्यालयात तक्रार दिली. बिरुदेव आधी कुरकुरला — "मालकासंगं वैर कशाला घेतीस?" पण सही करायला पेन माझ्या आधी त्यानंच उचललं. माझा नवरा असाच आहे. तोंडानं नाही म्हणतो आणि पुढे चालायला लागतो.

१० जानेवारी

कार्यालयातला माणूस येऊन भिंत तपासून गेला. आतली वायरिंग बदला, असं मालकांना बजावलं. तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मालक वर आले. "घरातली गोष्ट हापिसात नेली? महिनाअखेर खोली खाली करा. करार संपतोय, नवा करणार न्हाय." वायरिंगचं नावसुद्धा नाही. आम्हीच काढायची वस्तू झालो.

११ जानेवारी

पाण्याचा दिवस, आणि मालकांनी आमचा कॉक बंद केलेला! आता पुढचं पाणी थेट पाच-सहा दिवसांनी. शेजारच्या घरातल्या नरसम्माअक्कांनी विड्या वळायचं सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्या गच्चीवरून आमच्या पिंपात पाइप सोडला. म्हटलं, अक्का, आमचे मालक बघतायत. तर मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "बघू दे की! डोळे हायत, बघतील."

पाण्याचं काही नाही, भागलं. पण ओवी खाली गेली आणि दारातूनच परत आली. "काकू म्हणाल्या, वर जा." तोंड एवढंसं झालेलं. मी मोरीत जाऊन रडले. कुणाचा राग आला होता ते माझं मलाच कळेना.

१४ जानेवारी, संक्रांत

ओवीचा हट्ट, काकूंना तिळगूळ द्यायचाच. खाली टीव्ही चालू, पण दार उघडेना. तिनं दोन लाडू कागदावर ठेवून पायरीवर ठेवले. संध्याकाळी बघते तर लाडू गायब. बिरुदेव म्हणाला, मुंग्यांनी नेले असतील. पण कागद नीट घडी घालून खिडकीत ठेवलेला होता. मुंग्या घडी कधीपासून घालायला लागल्या?

१६ जानेवारी

बिरुदेव खोल्या बघून आला. परवडतात त्या लांब, जवळच्या परवडत नाहीत. म्हणाला, यंदा हळदीकुंकू ऱ्हाऊ दे. मी म्हटलं, करणार. आणि वाण म्हणून करंट दाखवणारा टेस्टर लुटणार.

"कुंकवाच्या ताटात टेस्टर? बाया हसतील की गं!"

हसू देत. गाळण्या आणि डब्या सगळ्यांकडे ढीगभर आहेत.

१८ जानेवारी

बिरुदेव हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे ते बरं! घेऊन आला टेस्टर. वर म्हणतो, "एकेक लावून बघितलाय. वाणात खोटं नको." किती आवडला मला तेव्हा!

१९ जानेवारी

आमंत्रणाला खाली गेले. मालक दारातच बसलेले. त्यांच्या डोक्यावरून आत हाक मारली, "काकू, उद्या कुंकवाला या!" कुंकवाला बाई नाही म्हणत नाही. हे मालकांनाही माहीत आहे. नुसते खाकरले.

२० जानेवारी

बायका खूप हसल्या. नरसम्माअक्कांनी तर टेस्टर अंबाड्यात खोचून दाखवला!

काकू सगळ्यांच्या शेवटी आल्या. मी कुंकू लावलं. टेस्टर हातात दिला, मागे अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलं. म्हटलं, "दिवा लागला तर तिथं हात लावू नका, एवढंच." ओवी हळूच त्यांच्या पदराआड जाऊन उभी राहिली. आज "वर जा" म्हणाल्या नाहीत. तिला जवळ ओढलं, आणि मला उगीचच स्वयंपाकघरात काम निघालं.

२१ जानेवारी

पाण्याचा दिवस. कॉक बंदच. दुपारी मालक बाहेर गेल्यावर काकू वर आल्या आणि भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध बसल्या.

"दिपाली, माज्या ओट्यामागं दिवा लागला गं."

त्यांचं स्वयंपाकघर आमच्या मोरीच्या बरोबर खाली. भिंत एकच. मग उजवा हात पुढे करून म्हणाल्या, "दिवाळीपासनं हाताला मुंग्या येत्यात. मला वाटलं, वात हाय. रोज तेल चोळतीय मी!"

आम्ही दोघी हसलो. मग हसू थांबलं. तेल लावलेल्या हातानं ही बाई रोज त्या भिंतीला टेकत होती. मी त्यांचा हात हातात धरून बसले.

"मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाले, वय झालंय तुजं."

२४ जानेवारी

सामान बांधलं. उद्या दुपारी टेम्पो. नव्या खोलीपासून ओवीची बालवाडी दोन रिक्षा लांब. ती विचारते, काकूंना पण बांधून घ्यायचं का? काय सांगू हिला?

२५ जानेवारी, रथसप्तमी

सकाळी अख्ख्या घराची वीज गेली. खाली आरडाओरडा. मेन स्विच पाडून त्या पेटीला कुलूप घालून काकू पायरीवर बसलेल्या, ओवीची वेणी घालत. "भिंत नीट हुईस्तोवर उघडणार न्हाय. आणि ही माणसं कुटं जाणार न्हाईत."

मालक ओरडले, "घर कुणाचं हाय?"

काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "माज्या आप्पांनी मला दिल्यालं. तुमी निस्तं भाडं गोळा करता."

सगळी गल्ली ऐकत होती. बिरुदेवनं टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नको सांगितलं. मी वर येऊन भांड्यांचं बोचकं सोडलं.