डाव्या हातानं विमान उडवणाऱ्या अव्वाला

प्रिय अव्वा,

काल संध्याकाळी तुझा कॉम्प्युटर सुरू झाला. तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? अप्पा तर शेजारीच उभे होते. आणि जिला ओरडून सांगावं अशी घरात तू एकटीच होतीस.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "झाला न्हवं सुरू? मग रडतीस कशाला?"

रडते, अव्वा. तू निवडलेला एकेक भाग त्या काळ्या डब्यात बसलाय, पंखा फिरतोय, पडद्यावर डोंगर दिसतायत, आणि खुर्ची रिकामी आहे. रडू नको तर काय करू?

तुझा उजवा हात अर्धांगानं गेला ते दिवस मला अजून आठवू नयेत असं वाटतं. ज्या हातानं भाकरी थापायचीस, शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात गर्दी झाली की अप्पांना बाजूला सारून ज्या हातानं पंपाचे वायसर मोजून द्यायचीस, तो हात मांडीवर नुसता पडून असायचा. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी रबरी चेंडू दिला होता दाबायला. तू तो डाव्या हातानं उचलून खिडकीबाहेर फेकलास! "साकू," म्हणालीस. तुझ्या माहेरच्या कानडीत 'पुरे'; आईला अव्वा म्हणायचं तेही तिकडचंच. तुला खरंच चीड आली की तू सीमेपलीकडचीच व्हायचीस.

मला त्या दिवसांत तुझ्या गप्प बसण्याची फार भीती वाटायची. भांडली असतीस तर चाललं असतं.

मग माझ्या कंपनीतल्या एका मैत्रिणीनं ती विमानाच्या गेमची सीडी दिली. मी कोर्स करताना अप्पांनी घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती लावली, तीही माझ्यासाठीच. तू मागं पलंगावर बसून बघत होतीस. विमान धावपट्टीवरून उठलं आणि तू म्हणालीस, "सुवे, मला शिकीव."

काय ऐकलं मी हे! किती दिवसांनी तू काहीतरी मागितलं होतंस!

पहिल्याच दिवशी तू विमान समुद्रात घातलंस. घाबरून विचारलंस, "माणसं मेली का गं आतली?"

"अव्वा, गेम आहे. आत कुणी नसतं."

तरी त्या दिवशी तू परत हात लावला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागलच्या एमआयडीसीची बस पकडायला निघाले तर दारात येऊन म्हणालीस, "संध्याकाळी आल्यावर मला रिकामं विमान दे. एकटी शिकतो मी." तू कायम 'मी जातो, मी येतो'च म्हणायचीस, आपल्याकडच्या बायकांसारखी. पुण्याची मावसबहीण त्याला हसायची. आता कुणी ते म्हणताना ऐकलं की मी वळून बघते.

आणि तो दिवस आठवतो का, तुझं बोट हललं तो? विमान उडालं की चाकं आत घ्यायची, त्याला कीबोर्डवर एक बटण. डाव्या हातानं बाण दाबायचे, मग चाकांसाठी हात कुठून आणायचा? तू उजवा हात डाव्यानं उचलून त्या बटणाशी नेऊन ठेवायचीस आणि त्याच्याकडं रागानं बघत बसायचीस. रोज तेच. मी म्हणायचे, अव्वा, मी दाबते की. तू माझा हात झटकायचीस.

एका संध्याकाळी ते बोट खाली गेलं. आवाज झाला, चाकं आत गेली. तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. तू ओरडलीस, "अहो! इकडं या! माझं बोट!" अप्पा जेवता जेवता उष्ट्या हातानं धावत आले. तोपर्यंत विमान डोंगराला धडकलं होतं. कुणाला पर्वा होती!

मॅडम म्हणाल्या, चेंडू राहू दे, रोज विमान उडवा.

पण तो जुना कॉम्प्युटर! वळण घेतलं की अडकायचा. जमीन नुसती हिरवी-तपकिरी, कुणीतरी रंग सांडल्यासारखी. तू विचारायचीस, "पन्हाळा कुठाय?" मी सांगायचे, या यंत्राला एवढं दाखवायची ताकद नाही. "मग ताकदीचा आणूया की," तू म्हणालीस, इतक्या सहज, जणू मोठं पातेलंच आणायचं होतं.

अप्पा चिडले होते. "या वयात व्हिडिओ गेम? लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी सांगा, बायको पायलट झालीया."

दुसऱ्या दिवशी तेच तुला रिक्षात बसवून कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत घेऊन आले. तोंड मात्र फुगवलेलं.

इरफानभाईंच्या दुकानात तुझ्यासारखं गिऱ्हाईक त्याआधी कधी आलं नसेल. कॉलेजची पोरं यायची, भागांची नावं पाठ करून. तू पाय ओढत आलीस, स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "मला काय कळत न्हाय. एकेक सांगा. घाई न्हाय."

इरफानभाई म्हणाले, "मावशी, भारीतला प्रोसेसर घ्या, लोक तेच घेत्यात."

"डोंगर कोण दाखवतंय? प्रोसेसर का?"

"डोंगर म्हंजे... ते ग्राफिक्स कार्ड."

"मग कार्ड भारीतलं द्या. प्रोसेसर मधला चालंल. आन् ही रॅम काय असती?"

इरफानभाईंनी डोकं खाजवलं. "स्वयंपाकाच्या ओट्यागत समजा. ओटा मोठा, तर एका टायमाला जास्त भांडी मांडता येत्यात."

"ओटा मोठा पायजे," तू लगेच म्हणालीस. तुझा आयुष्यभर लहानच होता ना, अव्वा?

मग अप्पा पहिल्यांदा बोलले. कार्ड एवढं मोठं, तर त्याला वीज पुरवणारा डबा कसला देताय, असं विचारलं. "मोटर मोठी आन् वायर बारीक असली की काय होतंय ते मी रोज बघतोय." इरफानभाईंनी स्वस्तातला पॉवर सप्लाय परत ठेवला आणि जड डबा काढला. तू अप्पांकडं बघून हसलीस. त्यांचा फुगा तिथंच फुटला.

आणि यूपीएस! तो तू सगळ्यांच्या आधी मागितलास. लोडशेडिंगमुळं तुझी कितीतरी विमानं हवेतल्या हवेत गायब झाली होती. "माझं विमान वर असताना लाईट जायची न्हाय, एवढं बघा."

अडलं ते एकाच गोष्टीपाशी. विमान चालवायच्या दांड्यापाशी. दुकानात होते ते सगळे उजव्या हाताच्या मुठीसाठी घडवलेले, अंगठ्याला खोबण, बोटांना वळण. तू एकेक डाव्या हातात धरून बघितलास. तुझी बोटं चुकीच्या उंचवट्यांवर पडत होती. तू ते खाली ठेवलेस. किती हळू ठेवलेस! मला त्या वेळी तुझ्याकडं बघवेना.

इरफानभाईंनी शेवटचा उचलून परत खोक्यात घातला. "मावशी, दोन्ही हातानं धरता येतोय असा सरळ दांडा मिळतोय मुंबईला. मागवतो मी. तवर बाकीचं बाजूला काढून ठेवतो. सगळं एकदमच न्या."

आपण वाट बघितली. तू रोज विचारायचीस, आला का फोन? मी रोज म्हणायचे, येईल.

आला. मी दुसऱ्याच दिवशीची रजा टाकली.

अव्वा, त्या दिवशी तू निळी इरकल नेसली होतीस. रिक्षात फार बोलली नाहीस. मला वाटलं, आनंदानं. दुकानात तू तो सरळ दांडा डाव्या हातात धरलास, डोळे मिटलेस, आणि इकडं तिकडं वाकवून बघितलास. "ह्यो माझा," म्हणालीस. मग डबा निवडायचा राहिला होता. इरफानभाईंनी काचेचा, आत निळे दिवे लागणारा दाखवला. "लग्नाचा मांडव हाय व्हय?" म्हणून तू साधा काळा घेतलास. दुकानातली पोरंसुद्धा हसली. खोकी घेऊन आपण घरी आलो. इरफानभाई दुसऱ्या दिवशी येऊन जोडून देणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठली नाहीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काल काही जाणवलं होतं? बोलताना अडखळणं? हातातून काही पडणं?" मी म्हणाले, नाही. काहीच नाही. मी दिवसभर तिच्यासोबत होते.

तेव्हा अप्पा भिंतीला टेकून म्हणाले, "काल सकाळी कप पडला हुता तिच्या हातातनं. डाव्या हातातनं. जीभ जड वाटतीया म्हणाली."

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हणाली, सुवीला सांगू नका. पोरीनं रजा काढलीया. दांडा आणून मग बघू."

अव्वा! दांडा आणून मग बघू? कुणी सांगितलं होतं तुला? दांडा कुठं पळून जाणार होता? मी वर्षभर रजा टाकली असती. मुंबईला जाऊन आणला असता. तू माझ्या शेजारी रिक्षात बसलीस, गप्प, आणि मी रस्त्याकडं बघत होते! एवढी माझी रजा महाग होती का गं?

तू परत डोळे उघडले नाहीस. तुझ्यावर मला रागवायचं होतं, पण तू ऐकायला नव्हतीस. म्हणून मी सगळा राग अप्पांवर काढला. तोंडानं नाही. बोलणंच बंद केलं. ताट वाढायचं, निघून जायचं. त्यांनी एकदा हाक मारली तर मी नळ मोठा सोडला. तेही समजले. सकाळी माझ्या आधी उठून दुकानात जायचे आणि मी झोपले की यायचे. तुझी खोकी पलंगाखाली तशीच होती, चिकटपट्टीसकट. इरफानभाईंचा फोन आला तर अप्पा म्हणाले, "आता कुणासाठी जोडायचं?" आणि ठेवून दिला.

तुझ्या माघारी हे घर असं झालं होतं. तुला आवडलं नसतं. पण तूच केलंस ना हे थोडंसं? आज बोलतेच.

काल कंपनीतून आले तर बाहेर चपला दिसल्या. आत इरफानभाई फरशीवर मांडी घालून बसलेले, आजूबाजूला सगळी खोकी उघडी, आणि अप्पा गुडघ्यावर बसून त्यांना बॅटरी धरून देत होते. मला बघून अप्पा उठले नाहीत. मान खाली घालूनच म्हणाले, "तिनं निवडलंया. खोक्यात कुजवायला न्हाय."

मी पर्स खाली ठेवली आणि जाऊन बसले.

जोडून झालं. बटण दाबलं तर पंखे फिरले, पडदा काळाच. अप्पांचा चेहरा उतरला. "जळलं का?" इरफानभाईंनी रॅमची पट्टी काढली, पुसली, परत दाबून बसवली. टक् आवाज झाला. पडदा उजळला. मग गेम घातला, विमान घेतलं, आणि अव्वा, काय सांगू तुला! खाली खरे डोंगर होते. सावल्या होत्या त्यांना. तुझा पन्हाळा काही नावानिशी नव्हता, पण त्या बाजूला उंच डोंगर होते, आणि पुढं नदीची रेघ.

इरफानभाई चहा न घेताच गेले. त्यांचेही डोळे भरले होते, म्हणून असेल.

आम्ही दोघंच उरलो.  अप्पा पडद्याकडं बघतच म्हणाले, "मी सांगाय पायजे हुतं, सुवे."

मी 'जाऊ द्या' म्हणायला हवं होतं का? तू म्हणाली असतीस. मला जमलं नाही. मी म्हणाले, "व्हय अप्पा. सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी मान हलवली. "तिचं ऐकायची सवय हुती गं मला," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. दवाखान्यातसुद्धा रडले नव्हते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. किती बारीक झालेत, अव्वा. शर्टातून मणके हाताला लागले. मी कधी बघितलंच नव्हतं. मग आम्ही दोघांनी एकत्र जेवण केलं. भाकरी मीच थापल्या होत्या, कडेनं करपलेल्या. त्यांनी तक्रार केली नाही, आणखी एक मागून घेतली.

आज सकाळी दुकानाला निघताना ते दारातून परत आले. चप्पल काढली, उभे राहिले. शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "डावा डोळा अंधुक झालाय, सुवे. लई दिस झालं. बोललो न्हवतो."

मी रजा टाकली. ते 'नको, नको' म्हणत होते, पण रिक्षात बसले. मोतीबिंदू आहे. काढता येतो, डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही. येताना रिक्षात अप्पा सारखे बोलत होते, पंपांबद्दल, पावसाबद्दल, कशाबद्दलही. मी सगळं ऐकलं.

आता ते आत झोपलेत आणि मी तुला लिहितेय.

तुला एक वचन देते, अव्वा. या घरात आता कुणाचं दुखणं कुणाची रजा बघून थांबणार नाही. मला काही झालं तर मी त्याच घडीला अप्पांना हाक मारीन. आणि ते लपवायला लागले तर मी त्यांच्याशी भांडेन, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं भांडेन. गप्प मात्र बसणार नाही. तुझ्याशी भांडायला मिळालं नाही, ते सगळं त्यांच्या वाट्याला येईल.

तुझीच,
सुवी