तोंड मोठं उघडा

प्रिय चिमणे,

तुझा फोन आला की मी बोटाने टकटक करते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. परवा तू विचारलंस, आई, गळ्यात आवाज नसताना तू अजून चर्चच्या गायकवृंदात उभी राहतेस का? मी एकदा टकटक केली आणि तू फोन ठेवून दिलास. हो-नाहीवर धड भांडता येत नाही, आणि तुझ्याशी भांडल्याशिवाय मला करमत नाही. म्हणून हे पत्र.

गळ्याच्या ऑपरेशननंतर पाळकसाहेब दवाखान्यात आले होते, आठवतं? यात देवाचा काहीतरी हेतू असणार, असं ते म्हणाले आणि तू खोलीबाहेर निघून गेलीस. पुढचं तू पाहिलं नाहीस. मी पाटीवर लिहिलं, हेतू कळला की मलाही कळवा. बिचारे फळांची पिशवी ठेवून गेले. मग शेजारीण आली आणि डोळे पुसत म्हणाली, तुम्ही आपला आवाज देवाला वाहिलात. कसला वाहिला! डॉक्टरांनी कापून काढला, आणि मी रडले ती गुरासारखी, तेसुद्धा आवाजाशिवाय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर रुमाल बांधून चर्चला गेले. गायकवृंद आता माझ्याऐवजी औषधाच्या दुकानवाल्याकडे आहे. माणूस भला, पण त्याची गाणी पंक्चर झालेल्या सायकलीसारखी चालतात. त्याने माझ्यासाठी मागे, खांबाआड खुर्ची मांडून ठेवली होती. ताई, आता आराम करा म्हणाला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी तडक पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले. गीत सुरू झालं आणि मीही सुरू झाले. जन्मभर तुम्हा सगळ्यांच्या मागे लागले होते ना, तोंड मोठं उघडा, शब्द चावू नका? तसंच उघडलं. आत काहीच नव्हतं, तरी उघडलं. हे देवासाठी केलं असं म्हणणार नाही, त्याला दाखवायला केलं. घे, म्हटलं, हेही घे आता.

समोरच्या बाकावर सुतार बसला होता, आपल्या खिडक्या दुरुस्त करायचा तो. लहानपणापासून ठार बहिरा. सारखा माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, गळ्याचं भोक बघतोय मेला. मी डोळे वटारले, तरी हटेना. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, त्याचेही ओठ हलताहेत, अगदी माझ्या ओठांबरोबर. मग त्याच्या बायकोने सांगितलं. तो ओठ वाचतो. पण पाळकसाहेबांचे ओठ मिशीत दडलेले, आणि गाणारे आपण सगळे पुस्तक तोंडासमोर धरणार. इतकी वर्षं तो नुसता बायकोशेजारी बसून राहायचा. मला गाणी पाठ, म्हणून माझ्या हातात पुस्तक नसतं, पण गायकवृंद माझ्याकडे होता तोवर लोकांकडे माझी पाठ असायची. त्या पहिल्या रविवारी त्याला प्रथमच कळलं, आपण काय गातो ते.

आता हे कुणाला सांगू नकोस, नाहीतर लगेच म्हणतील, बघा, याच्यासाठीच देवाने आवाज नेला. असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात मी पाटी घालीन. एकाला गाणं दाखवायला दुसऱ्याचा गळा कापायचा, एवढा माझा देव कोत्या मनाचा नाही. क्रुसावर खिळ्यांनी लटकलेला असताना त्यानेही बापाला ‘का’ विचारलंच होतं, मग मी का नको विचारू? मी रोज विचारते. उत्तर अजून आलेलं नाही. पण एक मला दिसतं. मेलेल्यांतून उठल्यावरही त्याने हातांवरच्या जखमा पुसल्या नाहीत, त्याच हातांनी पुढची कामं केली. जे मोडलं ते वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट आहे. हट्टाच्या बाबतीत मी त्याचीच लेक. दुखण्याने माझा आवाज नेला, पण त्यातून काय करायचं ते मी आणि तो मिळून ठरवणार. दुखण्याला कुणी विचारलंय!

आता खरं सांगते, हे सगळं कशासाठी लिहिलं. जावईबापूंनी मला कळवलंय, त्यांच्यावर चिडू नकोस. माझं ऑपरेशन झाल्यापासून तू एक ओळ गायलेली नाहीस, आणि माझ्या नातीला मोबाईलवर गाणं लावून झोपवतेस. चिमणे, तुला वाटतं ही माझ्यावरची माया आहे. माया कळते गं मला. पण माझा आवाज रोगाने नेला, तुझा तू स्वतःच्या हाताने बंद केलास, आणि यात देवाचा हेतू आहे असं मला पाळकसाहेबसुद्धा पटवून देऊ शकणार नाहीत. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी जे गायचे ते तुला पाठ आहे. पत्र खाली ठेव आणि तिला घे. मग मला फोन लाव, फोन तिच्या उशाशी ठेव आणि गा. तोंड मोठं उघडून. मी इकडून एकदाच टकटक करीन.

तुझीच,
तोंडाळ आई