वसंतरावांच्या वाक्याचा शेवट

मंगळवार, संध्याकाळ. डोंबिवली.

पुतणी मीनलच्या ठाण्यातल्या कोपरी भागातील स्टुडिओत आज माझे जुने वादप्रतिस्पर्धी वसंतराव आणि मी यांचा तर्कशास्त्रावरील संवाद ध्वनिमुद्रित झाला. दोघांना स्वतंत्र माइक, माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या एकाच प्रीअँपचे दोन चॅनेल. वसंतरावांच्या वाक्याचा शेवट नेहमी पुटपुटण्यात विरतो. वादसभांच्या सभागृहात तो कोणाला ऐकू येत नसे आणि वाद मी जिंकत असे. आज यंत्रातल्या कॉम्प्रेशनने माझा चढा आवाज दाबला, त्यांचा शेवट उचलला. इक्वलायझरने त्यांचा घोगरेपणाही काढला. सारे डिजिटल होऊन थेट संगणकात गेले. ऐकताना कळले, त्यांचा निष्कर्ष तिथेच होता, वाक्याच्या शेवटी. आणि निर्दोष होता. मग मी इतकी वर्षे नेमके काय जिंकत होतो?

"काका, प्रस्तावना तुम्ही दोघांनीही वाचली आहे; कोणाच्या आवाजातली ठेवू?" मीनलने विचारले.

"त्यांचे कॉम्प्रेशन काढून ऐकव पाहू."

"काका, रडीचा डाव नको हं!"

वसंतराव हसले. ते हसणेही कानाला गोड लागले, याचाच राग आला. मत्सर? होय, दुसरा शब्द सापडत नाही.

"ठेव त्यांचीच," मी म्हणालो. औदार्याने नव्हे. त्या निष्कर्षाला माझ्याकडे उत्तर नव्हते; अजूनही नाही.