हातगुण

प्रिय वैद्यबुवा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही. संसारात तुला 'अहो' म्हणायचे, ते मात्र आता जमणार नाही. एकेरीवर आले म्हणून रागावलास तरी हरकत नाही. तुझा राग मला नवा नाही.

मी कुठे असते हे तू कधी विचारलं नाहीस, तरी सांगते. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत औषधी झाडांचे वाफे माझ्याकडे असतात. नखांत कायम माती. मालकीणबाई तोंडाने फटकळ, पण पोटात काही ठेवत नाहीत. अडुळशाच्या फांद्या खोचायचं काम माझं. साधं झाड, कुठेही रुजतं. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून लोक कुंपणाला लावतात. पण खोकल्याला त्याच्यासारखं औषध नाही, हे मी तुझ्याच घरात शिकले. पान तव्यावर जरा गरम केलं की रस सुटतो. मग कुटायचं, फडक्यातून पिळायचं, मध घालून चाटायचं. छातीत घट्ट बसलेला कफ मोकळा होतो. नाकातून रक्त येणाऱ्याला रस, दमेकऱ्याला वाळल्या पानांचा धूर, सुजलेल्या सांध्यांवर लेप. गिऱ्हाइकांना मी हे घडाघडा सांगते. मालकीणबाई म्हणतात, "वैद्याच्या घरात नांदलीस की काय गं?" मी हसते. नांदले म्हणायला आधी नांदावं लागतं.

दवाखान्यामागची आपली खोली तुला आठवत असेल. एका भिंतीला बरण्या, दुसरीला खाट, आणि मधे चालायला जागा नाही म्हणून तू आडवा चालायचास. तेव्हा तुझ्याकडे पेशंट कमी आणि माश्या जास्त. मला दिवस गेल्याचं सांगितलं, तेव्हा तू खल पुसत होतास. मान वर न करता म्हणालास, "आत्ताच?" बस्स, एवढंच. दूरच्या मोठ्या वैद्यांनी तुला हाताखाली घ्यायचं कबूल केलं होतं, आणि बायकापोरांचं लटांबर आणायचं नाही ही त्यांची अट होती. मला ते ठाऊक होतं. तरी वाटलं, पुरुषाची जात, गडबडला असेल. पोर हातात आलं की विरघळेल.

चौथ्या महिन्यात मला खोकला लागला. जन्मात स्वतःची कपबशी न विसळलेला तू सकाळ-संध्याकाळ अडुळशाची पानं कुटायला बसलास. शेजारची शिंपीणबाई नवऱ्याला ऐकवायची, "बघा, नवरा असावा तर असा!" वाटी रिकामी होईपर्यंत तू समोरून हलत नव्हतास. मला किती बरं वाटायचं, काय सांगू. पोटात मळमळायचं, तरी तुझं मन मोडायला नको म्हणून मी शेवटचा थेंबही चाटून घ्यायचे. खोकला गेला. अगदी मुळापासून गेला, तेवढं श्रेय तुझं. आणि त्याच्या मागोमाग कळा सुरू झाल्या.

मुलगा होता, असं नर्सने सांगितलं. तू वॉर्डच्या दारातूनच विचारलंस, "उद्यापर्यंत घरी सोडतील ना?" मला वाटलं, माझी काळजी. घरी आले तर तुझी ट्रंक बांधून तयार होती.

सुट्टीला तू येऊन जायचास, पण पुढे मला दिवस गेले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आशा धरू नका. तू नाव कमावून परतलास आणि आपल्या माणसांनी भरलेल्या खोलीत म्हणालास, "वेलच धरत नाही, तर मांडव कशाला ठेवायचा?" तुझ्या आई हसल्या. माझा भाऊ खाली बघत बसला. मी काडीमोडाच्या कागदावर सही केली आणि निघाले.

रोपवाटिकेत लागले, तेव्हा मालकीणबाईंनी आधी एकच गोष्ट बजावली, गरोदर बाईने अडुळसा मागितला तर द्यायचा नाही, गर्भाला धोका असतो. मी हातातली झारी खाली ठेवली आणि कुंड्यांच्या आडोशाला जाऊन बसले. मग स्वतःचीच समजूत घातली. नवखा होता, त्याला माहीत नसेल, चुकतं माणसाचं. त्या समजुतीच्या आधाराने मी पुढची वर्षं काढली. तुला अडाणी ठरवून मी तुला माफ केलं होतं, वैद्यबुवा. तुला त्याचा पत्ताही नव्हता.

गेल्या हिवाळ्यात सभागृहात तुझं व्याख्यान झालं. टेबलावर मांडलेली रोपं आमच्याकडची होती. ती मांडायला आणि परत न्यायला मी आले होते, मागच्या दाराशी बसले होते. छान बोलतोस. आवाज भरला आहे, पोटही. अडुळशाचे गुण तू असे सांगितलेस की खोकला नसलेल्यालाही खोकावंसं वाटावं. मग एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझी सून गरोदर आहे, तिला चालेल का हो?" तू दोन्ही हात उडवलेस. "छे छे, आजी, चुकूनही नाही! हे तर मी मिसरूड फुटायच्या आधी वडिलांकडून शिकलोय." लोक हसले. टाळ्याही पडल्या.

मिसरूड फुटायच्या आधी. मी शेजारच्या कुंडीची कड इतकी घट्ट धरली होती की तळहात कापला.

लोक पांगल्यावर एक पोटुशी मुलगी रोपं बघायला आली. नाजूक, बोलकी, आणि सारखी खोकत होती. मी म्हटलं, "एवढं भाषण ऐकलंत, घरी काही घेत नाही का?" ती लाजून म्हणाली, "मी त्यांचीच मिसेस. पण मला अडुळसा बंद हो! बाटलीला हात लावू देत नाहीत. बाळाला सोसणार नाही म्हणतात. फार जपतात मला." मी तिला गुलाबाचं रोप दिलं. काटे आहेत, सांभाळून धर, एवढंच म्हणाले.

हे पत्र का लिहिलं, ते आता सांगते. ती मला 'ताई' म्हणते. बाळंतपणानंतर दर आठवड्याला रोपवाटिकेत येते. तुमची मुलगी माझ्या मांडीवर झोपते. कपाळ तुझं आहे, स्वभाव आईचा निघो. तुझी बायको माझ्या हातचं काहीही निर्धास्त पिते. घाबरू नकोस, मी वैद्य नाही. मी कोण, हे तिला अजून माहीत नाही. परवा तीच म्हणाली, "ह्यांची पहिली बायको होती म्हणे, तिला मूल होत नव्हतं. बिचारी!" मी वाफ्यातलं गवत उपटत राहिले. पुन्हा गप्प बसणं मला जमणार नाही, आणि कधी सांगेन तेही लिहीत नाही. तोवर दर वेळी ती माझ्याकडून परतून उंबऱ्यात पाऊल टाकेल तेव्हा तिचा चेहरा वाचत जा. हवं तर त्याआधी तूच सांग. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मात्र तू भर सभेत घालवली आहेस. दुसरं काय सांगता येतं, ते शोध.

तुझीच,
अक्षरावरून ओळखशील